बाजार बंद, रेघ चालू: सोयाबीनच्या भावाचा चार्ट बनवताना मी कुठं चुकलो

(हा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथं वाचा. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग कोडिंगचा आहे, पण घाबरून बंद करू नका. कोड कमी आहे, सोयाबीन जास्त आहे.

मी मूळचा कळंब तालुक्यातला, जिल्हा धाराशिव. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गावाकडं सहा एकर आहे, वडील करतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी-हरभरा. आपल्याकडच्या कुठल्याही घरात असतं तेच.

आज मी एका चार्टची गोष्ट सांगणार आहे. तो मी स्वतः बनवला, दिसायला एकदम भारी होता, आणि त्याच्यामुळे आमच्या घरचे ६,२३६ रुपये गेले. रक्कम मोठी नाही म्हणाल. पण अण्णांनी तो निर्णय माझ्या शब्दावर घेतला होता, आणि मी तो शब्द एका चित्रावर दिला होता. म्हणून हा भाग.

चार्ट बनवायचं डोक्यात का आलं

तुमच्याही घरी असेल, गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भाव येतो. 'आजचा सोयाबीन भाव', खाली लातूर, कळंब, बार्शी, प्रत्येकापुढं एक आकडा. आकडा आजचा असतो. काल किती होता, महिन्यापूर्वी किती होता, हे त्यात नसतं. अण्णा वहीत लिहून ठेवायचे, पण तीही एखादा दिवस राहून जायची.

आणि आपल्या भागात सोयाबीन म्हटलं की २०२१ आठवतंच. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांच्या वर गेला होता. बहुतेकांचा माल तोवर विकून झाला होता. मग ऑगस्टमध्येच केंद्र सरकारनं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला होता. ज्यानं ते साल बघितलंय त्याच्या मनात दोन गोष्टी कायमच्या बसल्यात. एक, 'थांबलो असतो तर'. दुसरी, 'उगाच थांबलो'. दोन्ही एकाच माणसाच्या मनात असतात, हे लक्षात घ्या.

मला वाटलं, आपण इंजिनिअर आहोत, शेअर मार्केटच्या अ‍ॅपमध्ये असतो तसा चार्ट सोयाबीनचा का नसावा? बोटानं मागं सरकवायचा, चिमटीनं मोठा करायचा, कुठल्याही दिवसावर बोट धरलं की भाव दिसला पाहिजे.

लायब्ररी कोणती घेतली

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी एका वाक्यात: लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरतो. अक्ष काढणं, रेघ काढणं, बोटाच्या हालचाली ओळखणं, हे सगळं तयार मिळतं.

जावास्क्रिप्टमध्ये चार्टसाठी खूप लायब्रऱ्या आहेत. डी-थ्री ही सगळ्यात नावाजलेली, माइक बोस्टॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये आणलेली. तिच्यात काहीही काढता येतं, पण सगळं तुम्हालाच बांधावं लागतं. म्हणजे विटा-सिमेंट मिळतं, घर नाही. मी घेतली लाइटवेट चार्ट्स. ही ट्रेडिंगव्ह्यू कंपनीची आहे, पण ओपन सोर्स आहे, फुकट वापरता येते. अट एवढीच की पानावर ट्रेडिंगव्ह्यूचं नाव आणि लिंक द्यायची. दाबून पाठवली की पन्नास केबीच्या आत बसते, आणि चित्र कॅनव्हासवर काढते, त्यामुळे हजारो दिवसांचा डेटा असला तरी साध्या फोनवर अडकत नाही. गावात नेटवर्कची एक काडी असताना या दोन्ही गोष्टींना किंमत आहे.

वापरायला सोपी आहे. चार्ट तयार करायचा, त्यात एक सिरीज घालायची, म्हणजे रेघ हवी, कॅंडल हव्यात का उभे खांब हवेत ते सांगायचं, आणि सेट-डेटा म्हणून सगळा डेटा द्यायचा. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किंमत. झालं. माझा पहिला चार्ट एका रविवारी दुपारी तयार झाला होता.

इथंच मी सावध व्हायला हवं होतं. जे काम इतक्या लवकर होतं, त्यात आपण विचार करायचा राहिलेला असतो.

डेटा आणि त्याच्या खोड्या

डेटा सरकारी आहे. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव येतात, आणि त्यातला काही भाग भारत सरकारच्या डेटा पोर्टलवरून एपीआयनंही मिळतो. आपल्या राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या साइटवरही रोज असतात. एका ओळीत काय असतं? बाजार, शेतमाल, जात, तारीख, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. पणन मंडळाच्या तक्त्यात आवकसुद्धा, म्हणजे किती क्विंटल माल आला ते.

पहिल्या अडचणी साध्या होत्या. एपीआयची तारीख आपल्या पद्धतीनं येते, आधी दिवस, मग महिना, मग साल. लायब्ररीला उलटी लागते, आधी साल. सरळ जावास्क्रिप्टच्या हवाली केली तर ती ३ एप्रिलला ४ मार्च समजते आणि चूक कुठंच दिसत नाही. दुसरं, एकाच दिवशी एकाच बाजाराच्या दोन ओळी येतात, कारण सोयाबीनच्या दोन जाती वेगळ्या नोंदवलेल्या असतात. लायब्ररी एका तारखेला एकच नोंद घेते आणि तारखा चढत्या क्रमानं मागते, नाहीतर सरळ एरर देऊन थांबते. मला ते आवडलं. थांबणारी चूक बरी असते. न थांबणाऱ्या चुका पुढं आहेत.

पहिली चूक: कॅंडल

शेअरच्या चार्टवर हिरव्या-लाल मेणबत्त्या बघितल्या असतील. प्रत्येक कॅंडलला चार आकडे लागतात: दिवसाचा पहिला भाव, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा. बंद होताना भाव सुरुवातीपेक्षा वर असेल तर हिरवी, खाली असेल तर लाल.

गंमत म्हणजे ही पद्धत जपानची, आणि तिथल्या तांदळाच्या बाजाराशी जोडली जाते. ओसाकाच्या दोजिमा तांदूळ बाजाराला १७३० मध्ये तिथल्या शोगुन सरकारनं मान्यता दिली. तिथं पुढच्या तारखेच्या तांदळाचे सौदे व्हायचे. म्हणजे शेतमालाची ही पद्धत शेअरवाल्यांनी नेली, आणि मी ती परत सोयाबीनवर आणत होतो. मला अगदी बरोबर वाटत होतं.

पण आपल्या बाजार समितीत पहिला भाव आणि शेवटचा भाव असं काही नोंदवतच नाहीत. तिथलं काम कसं चालतं ते आठवा. सकाळी माल येतो, आडतीवर ढीग लागतात. खरेदीदार मूठभर दाणे हातात घेतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा बघतो, आणि त्या ढिगाची बोली होते. दहाचा ढीग आणि अकराचा ढीग यांच्या भावात फरक असतो तो मालामुळे, वेळेमुळे नाही. किमान दर म्हणजे बहुतेकदा ओला, डागी, काडीकचऱ्याचा माल. कमाल दर म्हणजे वाळलेला, टपोरा, एकसारखा माल. आणि सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावात जास्तीत जास्त माल गेला तो.

माझ्याकडं तीन आकडे होते, कॅंडलला चार लागत होते. मग मी काय केलं? कालचा सर्वसाधारण दर हा आजचा पहिला भाव धरला, आजचा सर्वसाधारण दर हा शेवटचा. हा जुगाड नेटवर सगळीकडं आहे. चॅटबॉटला विचारलं तरी तो बहुतेक हाच देईल. चार्ट झकास दिसला. हिरवं, लाल, हिरवं.

पण त्या हिरव्या रंगाचा अर्थ काय? बघणारा समजतो, 'आज दिवसभर भाव चढत गेला.' असं काही घडलेलंच नव्हतं. कधी कधी तर कालचा दर आजच्या कमाल दराच्याही वर असायचा, म्हणजे कॅंडलचं अंग तिच्या काडीच्या बाहेर जायचं. लायब्ररी तेही निमूट काढायची. ती तारीख तपासते, खरं-खोटं तपासत नाही. ते तिचं कामही नाही.

सोयाबीनच्या खऱ्या कॅंडल कुठं असायच्या? वायदे बाजारात. एनसीडीईएक्सवर सोयाबीनचे वायदे चालायचे, तिथं सौदे क्षणाक्षणाला व्हायचे, तिथं चारही आकडे खरे होते. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढं वाढवत नेली. म्हणजे कॅंडलला शोभेल असा डेटा थांबला, आणि मी मोंढ्याच्या डेटाला कॅंडलचे कपडे घालत होतो.

दुसरी चूक: बंद बाजार

आता ती दिवाळी. २०२४.

त्या हंगामात भाव आधीच पडलेले होते. हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या पाच-सातशे रुपये खालीच माल जात होता. हमीभाव केंद्रावर अण्णांनी नोंदणी केली होती, पण नंबर काही लागत नव्हता. तिथं १२ टक्के ओलाव्याची अट होती, नोव्हेंबरात ती १५ टक्के केली. घरात २२ क्विंटल माल होता, आणि कृषी सेवा केंद्राची खताची उधारी द्यायची होती.

दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला. "व्यापारी ४,२५० म्हणायलाय. देऊ का? तुझा चार्ट काय म्हणतो?"

'तुझा चार्ट काय म्हणतो.' मंडळी, माझ्या आयुष्यात मला कुठल्याच मॅनेजरनं इतक्या विश्वासानं काही विचारलेलं नाही.

मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. फोनवर चार्ट उघडला. तोवर कॅंडल काढून मी साधी रेघ ठेवली होती, सर्वसाधारण दराची. रेघ सरळ वर चाललेली. आकडे गोल करून सांगतो: ४,१५०, मग ४,३१०, मग ४,३३०. एकदम पहाड. मी म्हणालो, "अण्णा, थांबा. वाढायलाय."

ते थांबले.

आता त्या रेघेत काय होतं ते ऐका. ४,१५० ही नोंद दिवाळीच्या आधीची होती. त्यानंतर बाजार आठ दिवस बंद. पुढची नोंद बाजार उघडला त्या दिवसाची, मुहूर्ताच्या सौद्यांची. मुहूर्ताला थोडाच माल येतो, निवडक असतो, नारळ फोडून, फेटे बांधून चढ्या बोलीनं घेतला जातो. तो भाव मानाचा असतो, बाजाराचा नाही. हे अण्णांना माहीत आहे, मलाही लहानपणापासून माहीत आहे. पण चार्टवर ते आठ दिवस दिसलेच नाहीत.

का? कारण लाइटवेट चार्ट्समध्ये आडवा अक्ष कॅलेंडरसारखा चालत नाही. तो नोंदी मोजतो. एका नोंदीनंतर दुसरी नोंद, दोघींत ठरावीक अंतर, मधे एक दिवस गेला असो का दहा. शेअर बाजारासाठी ते बरोबरच आहे. शनिवार-रविवारची रिकामी जागा कुणाला बघायची असते? पण मोंढ्याला सण आहेत, अमावास्या आहे, हमालांचा संप आहे, पावसानं बंद आहे. आपल्याकडं बाजार बंद असणं हीसुद्धा एक बातमी असते. माझ्या चार्टनं ती बातमी गाळली, आणि आठ दिवसांच्या दोन टोकांना एका रेघेनं असं जोडलं, जणू काल संध्याकाळी तो भाव होता आणि आज सकाळी हा झाला.

याचा उपाय लायब्ररीतच आहे. फक्त तारीख असलेली, किंमत नसलेली नोंद देता येते. ती नोंद जागा धरते, पण काही काढत नाही. म्हणजे सुट्टीच्या प्रत्येक दिवसाची एक रिकामी नोंद आपण स्वतः घालायची. पाच-सहा ओळींचा कोड आहे. मात्र रेघ अशा रिकाम्या जागेवरूनही पुढं जोडली जाते. म्हणून शेवटी मी रेघच काढून टाकली.

तिसरी चूक: पहाड आणि आवक

तो पहाड होता तरी किती उंच? ४,१५० ते ४,३३०. एकशे ऐंशी रुपये, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. पण लायब्ररी उभा अक्ष आपोआप ताणते. पडद्यावर जे दिवस दिसतायत त्यातला सगळ्यात खालचा भाव तळाला, सगळ्यात वरचा माथ्याला. त्यामुळे एकशे ऐंशी रुपयांनी अख्खा पडदा भरला. २०२१ मधली पाच हजारांची पडझडही तेवढाच पडदा भरते. डोळ्याला दोन्ही सारखेच.

शून्यापासून अक्ष चालू करा असं काही जण म्हणतात. मी करून बघितलं, मग भाव हललेलाच दिसत नाही. मी मधला मार्ग काढला: काही झालं तरी उभ्या अक्षावर निदान हजार रुपयांची पट्टी दिसलीच पाहिजे. लायब्ररीत त्यासाठी ऑटोस्केल-इन्फो-प्रोव्हायडर नावाची सोय आहे, तिथं आपण स्वतः खालची-वरची हद्द देऊ शकतो. आता शंभर रुपये शंभर रुपयांएवढेच दिसतात.

आणि आवक तर मी दाखवतच नव्हतो. आता चार्टच्या तळाशी आवकेचे उभे खांब आहेत, त्याला हिस्टोग्रॅम सिरीज म्हणतात. मुहूर्ताच्या दिवशी खांब अगदी बुटका असतो. तो बुटका खांब त्या दिवशी बसमध्ये मला दिसला असता, तर मी 'थांबा' म्हणालो नसतो. निदान इतक्या छातीठोकपणे नसतो म्हणालो.

चौथी चूक: हमीभावाची रेघ

ही चूक नंतर सापडली. लायब्ररीत क्रिएट-प्राइस-लाइन म्हणून एक सोय आहे, एका किमतीवर आडवी रेघ मारते. मी हमीभाव दाखवायला ती वापरली. पण ती रेघ अख्ख्या चार्टवर जाते, सगळ्या वर्षांवरून. आणि हमीभाव दरवर्षी बदलतो: २०२२-२३ ला ४,३००, २०२३-२४ ला ४,६००, २०२४-२५ ला ४,८९२ आणि २०२५-२६ ला ५,३२८. २०२५-२६ ची ५,३२८ ची रेघ मागं ताणली तर २०२३ च्या सुरुवातीचा पाच हजार दोनशेचा भावही हमीभावाच्या खाली दिसतो. खरं तर तेव्हा हमीभाव ४,३०० होता, आणि शेतकऱ्याला बाजारात त्याच्यापेक्षा जास्त मिळत होते. म्हणजे चार्टनं इतिहासच उलटा केला.

आता हमीभावाची वेगळी सिरीज आहे, पायऱ्यांची. दर १ ऑक्टोबरला नवीन पायरी. आणि सर्वसाधारण दर २०२४-२५ च्या जवळजवळ सगळ्या हंगामात त्या पायरीखाली कसा चाललाय, हे बघायला कुठलंही भाषण लागत नाही.

आता चार्ट कसा आहे

दर दिवसाला एक बारीक उभी काडी: खालचं टोक किमान दर, वरचं टोक कमाल. मधे एक आडवी खूण, तो सर्वसाधारण दर. ही लायब्ररीची बार सिरीजच आहे, फक्त पहिल्या भावाची खूण ओपन-व्हिजिबल बंद करून लपवली, आणि चढ-उताराचे दोन्ही रंग एकच ठेवले. हिरवं नाही, लाल नाही. सुट्टीला रिकामी जागा. खाली आवक.

काडीची लांबी फार बोलते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, आपल्या परांडा-भूमकडं तर गावांत पाणी शिरलं. अशा हंगामात भिजलेला आणि चांगला माल एकाच दिवशी बाजारात येतो. सर्वसाधारण दराच्या एका रेघेत भिजलेल्या मालाचा शेतकरी कुठंच नसतो. काडीच्या खालच्या टोकाला तो असतो.

फोनवर वापरताना अण्णांकडून दोन गोष्टी शिकलो. एक, ते पान खाली सरकवायला जायचे आणि चार्टच हलायचा, पान तिथंच. चार्ट उभी हालचालही गिळत होता. व्हर्ट-टच-ड्रॅग बंद केलं, प्रश्न संपला. दोन, त्यांना ४,२५० असे आपले आकडे हवे होते. भाषा मराठी-भारत अशी दिली आणि आकड्यांचा फॉरमॅटर आपला लावला की देवनागरी आकडे येतात. बोट दाबून धरलं की त्या दिवसाचे चारही आकडे वर मराठीत दिसतात: किमान, कमाल, सर्वसाधारण, आवक.

आणि एक गोष्ट कोडवाल्यांसाठी. एपीआयची चावी वेबपेजच्या कोडमध्ये ठेवू नका, ती कुणालाही दिसते. माझ्याकडं रोज रात्री एक छोटा प्रोग्रॅम डेटा आणून साध्या फाइलमध्ये ठेवतो, चार्ट तीच फाइल वाचतो. सरकारी साइट एखादा दिवस बंद असली तरी चार्ट उघडतो.

हिशोब

अण्णांनी माल फेब्रुवारीत विकला. ४,०४० नं. वाळून घट आली ४० किलो. म्हणजे २१ क्विंटल ६० किलो, त्याचे ८७,२६४ रुपये झाले. नोव्हेंबरात २२ क्विंटलचे ९३,५०० झाले असते. फरक ६,२३६. वर उधारीचं व्याज, ते मी धरलं नाही.

मी शिमग्याला गावी गेलो तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. रिकामे दिवस, ताणलेला अक्ष, मुहूर्ताचा भाव. वाटलं होतं चिडतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मुहूर्ताचा भाव हाय, हे मला ठाऊक होतं की. पण म्हटलं तुझ्या कंप्युटरला जास्ती कळत असंल."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्याकडं चाळीस वर्षांचं ज्ञान होतं. माझ्या चार्टनं त्यात भर घातली नाही, त्यांनाच गप्प बसवलं. का, तर ते गुळगुळीत होतं, बोटाखाली हलत होतं, अगदी मोठ्या अ‍ॅपसारखं दिसत होतं. आपण जितकं देखणं बनवतो तितका समोरचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास कमी करतो. म्हणून आपली जबाबदारी वाढते.

मी आता चार्टवर कुठंही 'विका' किंवा 'थांबा' असं लिहीत नाही, आणि फोनवरही सांगत नाही. अण्णा विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, "तुम्हाला काय दिसतंय?" मग ते सांगतात. "आवक वाढायलीय. काडी लांब झालीय, म्हणजे ओला माल यायलाय. आठ दिवस बघू." ते चार्ट वाचतात. मी ऐकतो.

तुम्हाला बनवायचा असेल तर

कुठलंही पीक घ्या: तूर, कांदा, हरभरा, बेदाणा. एक दुपार पुरते. पण कोड लिहायच्या आधी एकदा बाजार समितीत जाऊन सौदा उभ्यानं बघा, आणि तो भाव कागदावर कसा उतरतो ते विचारा. आकडा कुठून येतो हे बघितलंत की कुठला चार्ट त्याला शोभतो हे आपोआप कळतं. मग चार्ट तयार झाला की बाजार बंद होता असा एखादा आठवडा शोधा आणि तिथं तुमचा चार्ट काय दाखवतो ते बघा. तिथं रेघ चालू असेल, तर ती काहीतरी मनानं सांगतेय.

आणि शेवटी तो चार्ट अशा माणसाला दाखवा ज्याला कोडिंग येत नाही पण बाजार येतो. तुम्ही काही समजावू नका. त्याला त्यात काय दिसतंय ते फक्त विचारा, आणि तो बोलत असताना मधे बोलू नका. मला हे सगळ्यात अवघड गेलं.

तुमच्या घरी भावाची वही असेल, आजोबांची, वडिलांची, तर ती फेकू नका. तिचे फोटो काढून ठेवा. त्यात बाजार बंद असलेले दिवससुद्धा लिहिलेले असतात. अण्णांच्या वहीत २०२४ च्या दिवाळीच्या पानावर सरळ लिहिलंय: 'बंद. बंद. बंद.' आठ वेळा. माझ्या चार्टला जे दिसलं नाही, ते त्यात निळ्या शाईनं होतं.

चला, आज इथंच थांबतो. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि घरी फोन करा.